काढता पाय

आमच्यात भांडण झालं की भांडी वाजायची,
पण वेगळ्या कारणानं.
ती गाठोड्यात बांधली जात असायची.

पहाटे वाडीत एक खोपी कमी दिसायची.
तीन काळे दगड, उपटलेल्या कारवीची भोकं,
राख अजून कोमट.
कुठे गेला, असं कुणी विचारायचं नाही.
नदी लांब होती. राग तेवढा लांब नसतो.

तुम्ही काढता पाय घेतला म्हणता
तेव्हा माणूस पळालेला असतो.
आमच्यात तो निवाडा असायचा.

मधाच्या एका पोळ्यावरून
बाप आणि बुध्याकाका असे तुटले
की बाप रातोरात पवनेच्या अंगाला उतरला.
होळीला परत आला, डोक्यावर कडूकंदांची पाटी,
मागून एक बाई.
ती माझी आई.
काकाने एवढंच विचारलं,
तिकडे पाणी होतं का?
झालं.

मग घरकुलं आली. सात, ओळीनं.
ग्रामसेवकाने टेप धरली, फक्कीची रेघ ओढली,
सख्खे भाऊ म्हणून दोघांना मधली भिंत सामाईक दिली,
विटा वाचल्या.
पहिल्या वर्षी आम्ही ती ठोकून बघायचो,
पलीकडून चुलत भावंडं ठोकायची.
दुसऱ्या वर्षी मोरीच्या पाण्यावरून सुरू झालं
आणि जायला वाटच नव्हती.
मीटर होता. नंबर होता. आधारवर तोच पत्ता.
राग भिंतीतच मुरला, पोपडे धरले.

तिसऱ्या वर्षी पौडच्या चौकीत
दोन बाकांवर दोन म्हातारे.
हवालदार म्हणाला, अरे, बोलून मिटवा की.
बाप म्हणाला, बोलून कुणाचं मिटलंय साहेब,
चालून मिटतं.
हे हवालदाराने लिहून घेतलं नाही.

त्याच सुमारास मी कोथरूडला कामाला लागले.
घैसासबाईंनी जुना फ्रीज दिला, टेम्पोचं भाडंही दिलं.

बाप घूस मारायचा तेव्हा
शेवटच्या खोपीपर्यंत वाटा जायचा.
मन मोठं होतं म्हणून नव्हे.
उद्या उठून चालायचंय, पाठीवर मांस कोण वाहणार?
ते शेजाऱ्याच्या पोटात ठेवायचं,
परवा त्याच्या हातानं परत यायचं.
आता चिंबोऱ्या डब्यात, डबा फ्रीजात,
फ्रीजला कुलूप, किल्ली वहिनीच्या गळ्यात.
वरून दार उघडलं की आत दिवा लागतो,
म्हणजे चोरून खायचीही सोय नाही.

फिरणं थांबलं असं मात्र म्हणू नका.
काकाचा वामन हप्त्याच्या गाडीवर हिंजवडीला,
त्याची बायको पिरंगुटला पुठ्ठ्याच्या कारखान्यात,
मी पौडच्या बसमध्ये, चांदणी चौकापर्यंत उभ्यानं.
बाप अख्ख्या उन्हाळ्यात चालायचा
तेवढं माझं आठवड्यात होतं.
पण एकेकटे जातो, एकेकटे येतो.
वाडी जागच्या जागी, माणसं सुटी सुटी.
आधी हे उलटं होतं.

ठमीआत्या तेवढी कुठे जात नाही. गुडघे गेले तिचे.
तरी अमावस्या आली की अंथरूण गुंडाळते,
तवा, तंबाखूची पिशवी, गलोल,
सगळं नीट गाठोड्यात बांधते
आणि चार पावलांवर नेऊन सोडते.
पंधरा दिवस दाराशी. पंधरा दिवस मोरीपाशी.
वहिनी हसते. तिला नाही समजत.

काल रात्री उशिरा पोचले
तर आत्या फ्रीजला पाठ लावून पडलेली.
म्हणाली, इथं बरंय, नदीवानी वाजतंय.
वहिनीशी भांडलीस का गं?
भांडले होते, ती म्हणाली,
पण तिकडे.
आणि हात केला मोरीकडे,
गेल्या सालच्या एखाद्या
डोंगराकडे करावा तसा.